दीडशेच्या खाली

गौतमने घरी यायला अट घातली होती. ती त्याने आईला सांगितली खरी, पण होती बापासाठी.

"बाबाची उपाशीपोटीची शुगर दीडशेच्या खाली येईन, त्या दिवशी मी तिगावात पाय ठेवीन. तोवर नाई," असं तो फोनवर म्हणाला आणि आईच्या रडण्याची वाट न पाहता त्याने फोन ठेवला. तो दोन हजार वीसचा एप्रिल होता. गौतम नागपूरच्या एका दवाखान्यात ब्रदर होता आणि त्याची ड्युटी कोरोनाच्या वॉर्डात लागली होती. वॉर्डात आडवी झालेली माणसं तो रोज बघत होता. त्यातली शुगरवाली कशी झटकन हाताबाहेर जातात तेही बघत होता. आपल्या अंगावरून हा रोग घरी गेला तर बाप वाचणार नाही, ही भीती त्याच्या मनात पक्की बसली होती.

विजयमालाबाईंना हे सगळं कळत होतं. पण पोरगा शंभर किलोमीटरच्या आत असून दिसत नाही, हे काही केल्या पचत नव्हतं. पोरं परदेशी असलेल्या बायका आपल्यापेक्षा बऱ्या, त्यांना निदान मधे समुद्र आहे म्हणून सांगता येतं.

भगवंतरावांची गोष्ट वेगळी. बासष्ट वर्षांचे, संत्र्याची सहाशे झाडं, आणि स्वभाव असा की स्वतःचं म्हणणं स्वतःलाच सगळ्यात आधी पटायचं. शुगर त्यांना नऊ वर्षांपासून होती, पण तिचा विषय घरात काढलेला त्यांना खपत नसे. बागेत जायचं ते मोटारसायकलवर, दीड किलोमीटर. तिथे झाडाखाली खुर्ची टाकून मजुरांना हाका मारायच्या आणि त्याच गाडीवर परत यायचं. आधी निदान बाजाराच्या दिवशी पांढुर्ण्यात चार चकरा व्हायच्या. टाळेबंदीत त्याही गेल्या.

त्या वर्षी मृगाचा संत्रा झाडावर पिकून उभा होता आणि व्यापारी फिरकत नव्हते. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ व्हिटॅमिन सीचा गजर चालला होता. भगवंतरावांनी एकात एक गोष्ट जोडली. सकाळी तांब्याभर संत्र्याचा रस, दुपारी पुन्हा तांब्याभर, संध्याकाळी गूळ घातलेला काढा. रस काढून द्यायच्या विजयमालाबाईच. पाच-सहा संत्री पिळायची, चोथा म्हशीपुढे टाकायचा. आपण नवऱ्याला औषध पाजतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मग गौतमने भाजीच्या गाडीवाल्यासोबत पांढुर्ण्यापर्यंत शुगर मोजायची मशीन पाठवली. पहिला आकडा आला तीनशे बारा.

"मशीन खराब हाये," भगवंतराव म्हणाले.

विजयमालाबाईंनी स्वतःच्या बोटाला सुई टोचली. शहाण्णव. पुन्हा नवऱ्याच्या बोटाला टोचली. तीनशे अठरा.

"संत्र्यानं आजवर कोनाचं वाईट केलं नाई," भगवंतराव म्हणाले, आणि हे ते इतक्या दुखावल्या आवाजात म्हणाले की जणू कुणी त्यांच्या आईला बोललं होतं.

गौतमने फोनवर समजावलं. संत्रं वाईट नाही बाबा, एक खा, चोथ्यासकट चावून खा. रस पिता तेव्हा पाच संत्र्यांची साखर एका घोटात पोटात जाते, आणि जे उपयोगाचं ते म्हैस खाते. तेव्हापासून तांब्या बंद झाला. काढ्यातला गूळ गेला. आकडा हळूहळू दोनशे वीसवर आला आणि तिथे जो बसला तो बसलाच. दिवाळी आली. गौतम आला नाही. विजयमालाबाईंनी चिवडा आणि अनारसे डब्यात भरून त्याच भाजीच्या गाडीवाल्याच्या हाती दिले आणि त्या दिवशी स्वतः फराळाला हात लावला नाही.

डिसेंबरात बागेला ताण द्यायची वेळ झाली. संत्र्याचं झाड असं आहे की त्याला सतत पाणी मिळालं तर ते नुसतंच पालवत राहतं. म्हणून थंडीत महिना-दीड महिना ओलित तोडायचं. झाड कोमेजतं, पानं लोळतात, आणि मग पाणी दिलं की फांद्या फुलांनी भरून येतात. कमी ताण दिला तर फूल नाही, जास्त दिला तर झाडच वाळतं. यात भगवंतरावांचा हात कुणी धरू शकत नव्हता. मोहगावपर्यंतचे बागवाले त्यांना विचारायला यायचे की दादा, पाणी कधी सोडू.

त्या डिसेंबरात त्यांना एक कल्पना सुचली. ती संत्रावाल्याच्याच डोक्यात येऊ शकते. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही.

रात्रीची भाकर त्यांनी सोडली. "भूक नाई." सकाळी बिनसाखरेचा चहा, बाकी काही नाही. दुपारचा डबा ते बागेत घेऊन जायचे आणि रिकामा परत आणायचे. तो मजुरांच्या पोटात जात होता हे नंतर कळलं. शुगरच्या गोळ्या मात्र दोन्ही वेळा न चुकता घ्यायचे, कारण गौतम गोळ्यांचं विचारायचा.

आकडा घसरला. दोनशे, एकशे ऐंशी, एकशे चौसष्ट. भगवंतराव मशीनकडे असे बघायचे जसे पोराचं प्रगतिपुस्तक बघावं. विजयमालाबाईंनाही काय करू नि काय नको झालं. त्यांनी गौतमची गादी उन्हात टाकली, उशीला नवीन खोळ शिवली. नवरा वाळत चाललाय हे त्यांच्या डोळ्यांना दिसत होतं. पण वजन कमी व्हायलाच पाहिजे असं पांढुर्ण्याच्या डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, म्हणून त्यांनी तिकडे काणाडोळा केला. नंतर त्यांनी स्वतःला याबद्दल बरंच बोलून घेतलं.

आठव्या दिवशी अकराच्या सुमारास त्या तुरीच्या शेंगा तोडायला बागेत गेल्या. भगवंतराव बुंध्याला टेकून बसले होते. डिसेंबरची थंडी, आणि सदरा घामाने ओला. हात थरथरत होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "सरला, तू कवा आली?" सरला ही त्यांची बहीण, सौंसरला असते.

विजयमालाबाईंना आधी वाटलं, आला कोरोना घरात. मग गौतमचं बोलणं आठवलं: घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, म्हणजे शुगर पडली, गिळता येत असेल तर आधी गोड द्यायचं आणि मग बाकीचं. मजूर बायकांच्या चहाच्या सामानात साखर होती. त्यांनी पेलाभर पाण्यात मूठभर साखर ढवळली आणि घोट घोट पाजली. दहा-पंधरा मिनिटांनी भगवंतरावांनी त्यांना नावाने हाक मारली. एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती.

शेजारच्या वसंताच्या जीपने दोघं पांढुर्ण्यात डॉक्टर बाईंकडे गेले. बाईंनी विचारलं, काय खाल्लं होतं. भगवंतराव जमिनीकडे बघत म्हणाले, "ताण देऊन राहिलो होतो."

डॉक्टर बाई भोपाळकडच्या. त्यांना काही उमगलं नाही. विजयमालाबाईंना मात्र सगळं एका क्षणात कळलं. आधी हसू आलं आणि लगेच रडू आलं, आणि दोन्ही एकदम करायची त्यांना लाज वाटली नाही. पोटात अन्न नसताना या गोळ्या घेणं म्हणजे जिवाशी खेळ, असं बाईंनी चांगलं दहा मिनिटं सुनावलं आणि गोळ्यांचा हिशेब नव्याने लावून दिला.

घरी आल्यावर विजयमालाबाई बोलल्या ते एकदाच.

"झाडाले ताण देता तवा रोज त्याच्यापाशी जाऊन बसता तुमी. पानं किती लोळली ते पाह्यता. जास्त झालं वाटलं तं त्याच दिवशी पानी सोडता. तुमाले कोन पाहून राहिलं होतं?"

भगवंतरावांनी प्यायला पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवसापासून बघायचं काम विजयमालाबाईंनी घेतलं. सकाळी आठला मोड आलेली मटकी, नाहीतर मूगडाळीचं धिरडं. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, सालीची डाळ, आणि भाजी भाकरीपेक्षा जास्त. अंबाडी, मेथी, पालक, जे मळ्यात असेल ते. चारला एक संत्रं, चावून. रात्री सातला एक भाकर आणि पुन्हा भाजी. भात रविवारी. उपास बंद, एकादशीचासुद्धा. मोटारसायकलची चावी त्यांनी कमरेला खोचली. बागेत पायी जायचं, पायी यायचं, आणि दोन्ही जेवणांनंतर घरामागच्या मळ्याच्या कुंपणाला वळसा घालायचा. भगवंतरावांवर एकट्यावर भरवसा राहिला नव्हता म्हणून त्या सोबत चालायच्या. पहिला आठवडा त्यांचेच गुडघे बोलले.

"फिरून राहिले काय, दादा?" रस्त्यात कुणीतरी विचारायचंच.

"बाई फिरवून राहिली," भगवंतराव म्हणायचे.

जानेवारी सरता सरता आकडा एकशे बावन्नवर आला आणि चार दिवस तिथून हलेना. पाचव्या दिवशीही तोच. गौतमला फोन लावायची वेळ झाली होती.

"दोननं काय होते?" भगवंतराव हळूच म्हणाले. "सांगून टाक अठ्ठेचाळीस."

विजयमालाबाईंनी हातातल्या फोनकडे पाहिलं. दहा महिने झाले होते. गादी दोनदा उन्हात टाकून झाली होती. नागपूरहून कोण येऊन मशीन बघणार होतं? मनातल्या मनात त्यांनी अठ्ठेचाळीस म्हणूनही पाहिलं. पण पलीकडून गौतमचा आवाज आला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एकशे बावन्न, रे बा."

"मंग थांब जरा, आई," गौतम म्हणाला.

त्या दिवशी संध्याकाळी विजयमालाबाईंनी कुंपणाला दोन वळसे घातले. भगवंतराव काही न बोलता मागून चालत राहिले. नऊ दिवसांनी मशीनवर एकशे त्रेचाळीस आलं. त्यांनी दोनदा मोजलं, मग फोन केला.

गौतम रविवारी सकाळी आला. आदल्या दिवशी स्वतःची तपासणी करून, निगेटिव्हचा कागद खिशात घालून. अंगणात लांब उभा राहून त्याने मास्क काढला आणि विजयमालाबाईंना वाटलं, फोनमधल्या जुन्या फोटोतला चेहरा यापेक्षा भरलेला होता. सदरा खांद्यावरून लोंबत होता. जेवायला बसला तर एका भाकरीत आटोपला. म्हणाला, प्रवासाने.

जेवण झाल्यावर भगवंतराव उठले. "चाल, आमचा फेरा दाखवतो तुले." पोरापुढे मिरवायची त्यांना घाई झाली होती आणि विजयमालाबाईंना ती फार आवडली. तिघं कुंपणाच्या कडेने निघाले. भगवंतराव पुढे, ताठ. पहिल्या कोपऱ्यापर्यंत गौतम बरोबर होता. दुसऱ्या कोपऱ्याच्या आधी विजयमालाबाईंनी वळून पाहिलं तर तो कुंपणाचा खांब धरून उभा होता. तोंड उघडं, छाती वरखाली होत होती. तीस वर्षांचा पोरगा.

त्या परत त्याच्याजवळ गेल्या. त्यांना विचारावं लागलं नाही.

"सप्टेंबरात झालता मले," गौतम म्हणाला. "बारा दिवस ऑक्सिजनवर होतो. तुमाले सांगतलं असतं तं तुमी आले असते."

सप्टेंबरात तो नुसते मेसेज पाठवत होता. ड्युटी वाढली, बोलता येत नाही म्हणून. आणि त्यांनी त्याला लिहिलं होतं की आईबाप जड झाले काय तुला. विजयमालाबाईंना त्याचा इतका राग आला की हात उचलावासा वाटला, आणि तो हात त्यांनी त्याच्या पाठीवर ठेवला. पाठीची हाडं हाताला लागली. वर्षभर त्या ज्याला जपत होत्या तो पुढे टणटणीत चालत होता, आणि ज्याची वाट बघत होत्या तो त्यांना न विचारता मरून परत आला होता.

भगवंतराव पुढे थांबले होते. त्यांनी ऐकलं होतं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. ते दोन पावलं मागे आले आणि धुऱ्याच्या बांधावर मटकन बसले.

"थांबा बा जरा," ते म्हणाले. "माह्या पायात गोळा आला."

एवढ्या दिवसांच्या फेऱ्यांत त्यांच्या पायात एकदाही गोळा आला नव्हता.  गौतम घाईघाईने बापाजवळ खाली बसला, त्याचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला, आणि त्याने सवयीने हात पुढे केले.

"कोन्ता पाय, बाबा?"

भगवंतरावांनी आपल्या दोन्ही पायांकडे पाहिलं.

"दाब कोन्ताई," ते म्हणाले.