तपकिरी पाण्याची सवय

चुन्याच्या पाण्याचा पंप कालपासून एकदाही वाजला नव्हता.

आमच्या शेडमध्ये गव्हाच्या काडापासून लॅक्टिक आम्ल बनवतात. काड शिजवायचं, त्यातली साखर सोडवून घ्यायची आणि त्या तपकिरी पाण्यात जिवाणू सोडायचे. ते साखर खाऊन आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की पंप टाकीत चुन्याच्या पाण्याचा एक घोट सोडतो आणि टक्क वाजतो. पंप वाजतोय म्हणजे आतली मंडळी जेवताहेत. जिवाणू सोडल्याला अठरा तास झाले होते.

आधीच्या दोन टाक्या नासल्या होत्या. तिसरी नासली तर शेडला कुलूप आणि काड पुन्हा बॉयलरच्या पोटात, असं मोठ्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं. ते आज चार वाजता येणार होते.

"आम्लाचा मीटर बिघडला असेल," टाकीकाका म्हणाले. बारा वर्षं टाक्या सांभाळतात, म्हणून हे नाव.

"दोनदा तपासला, काका."

"मग पंप अडकला असेल."

"हाताने चालवून पाहिला. चालतोय."

माझा फोन वाजला. आईचा होता. गेल्या आठवड्यात तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यासाठी मी तीन दिवस रजेवर होते.

"थेंब घातले का?" मी विचारलं.

"घातले तुझ्या भावाने. निम्मे गालावर. तुझ्या त्या जंतूंना बरं वेळेवर भरवतेस."

"संध्याकाळी लवकर येते."

"कालचीही संध्याकाळच होती," असं म्हणून तिने फोन ठेवला.

जंतूंना वेळेवर भरवत होते हे खरं, पण ते तीन दिवस सोडून. काड शिजताना साखरेबरोबर काही विषारी द्रव्यंही सुटतात. साधे जिवाणू त्यात टिकत नाहीत. म्हणून सात महिने मी त्यांना सवय लावत होते. बरणीत रोज पांढऱ्या साखरेचं पाणी थोडं कमी आणि तपकिरी पाणी थोडं जास्त. शेवटी ते निव्वळ तपकिरी पाण्यावर जगू लागले. माझ्या रजेत ती बरणी काकांकडे होती.

काल आले तेव्हा बरणीतलं पाणी कडक चहासारखं दिसायला हवं होतं. ते फिकट होतं. पण जिवाणू भरपूर होते, दाट गढूळ. मला बरं वाटलं, घाईही होती. रंगाकडे काणाडोळा केला आणि म्हटलं, ओता टाकीत.

"काका, मी नव्हते तेव्हा बरणीत काय घालत होतात?"

ते फडक्याला हात पुसत राहिले. हात कोरडेच होते.

"साखर. कपाटातली, पांढरी."

"तपकिरी पाणी का नाही?"

"सात महिने तेच कडू पाणी, ताई. म्हटलं, तीन दिवस तरी बिचाऱ्यांना चांगलंचुंगलं मिळू दे. वाढलेसुद्धा कसे भराभर." मग आवाज खाली गेला. "चुकलं का काही?"

"आजोळी आल्यासारखे लाड केलेत. आता घरचं जेवण जाईना त्यांना."

ते हसले नाहीत. मीही नाही.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, काका. मला होतं. रंग मी पाहिला होता."

टाकीत वर निम्मी जागा शिल्लक होती. उकळून थंड केलेलं पाणी तिथवर भरलं, तर विष निम्म्यावर येईल आणि जिवाणू कदाचित तग धरतील. पण साखरही निम्मीच होईल. साहेबांनी ठरवलेल्या आकड्यापर्यंत आम्ल पोचणारच नाही आणि का पोचलं नाही, हे सांगावं लागेल.

"आणि पाणी नाही घातलं तर?" काकांनी विचारलं.

"तर उद्या सकाळी वास येईल. आधीच्या दोन वेळांसारखा."

त्यांनी पाण्याची नळी जोडली. दहा वाजता टाकी भरली. मी वहीत नोंद केली: काल बरणीचा रंग फिका दिसला, मी विचारलं नाही, आज पाणी घातलं. खाली सही. काकांनी पेन मागून घेतलं आणि माझ्या सहीखाली सावकाश लिहिलं: साखर मी घातली.

त्यानंतर आम्ही पंपाच्या आसपासच राहिलो. काकांनी स्वच्छ जमीन पुन्हा झाडली. मी दर अर्ध्या तासाने मीटर पाहत होते; आम्ल वाढलं की त्यावरचा आकडा उतरतो. सहा पूर्णांक आठ. सहा पूर्णांक आठ. अडीच वाजता सहा पूर्णांक सात. एवढा फरक तर मीटरच्या चुकीनेही पडतो, म्हणून काकांना सांगितलं नाही.

साहेब दहा मिनिटं आधीच आले. टाकीकडे न बघता त्यांनी वही उघडली.

"'विचारलं नाही' म्हणजे?"

"शंका आली होती, साहेब. तरी ओतायला सांगितलं."

त्यांनी काकांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती पुन्हा वाचली.

टक्क.

"हे काय वाजलं?" साहेबांनी विचारलं.

काका माझ्याकडे बघत होते.

"एकदा वाजून काही कळत नाही," मी म्हणाले. "दुसऱ्यांदा वाजायला हवा."

"किती वेळाने?"

"सगळं ठीक असेल तर पंधरा-वीस मिनिटांत."

साहेबांनी वही मिटली नाही. कोपऱ्यातलं स्टूल ओढून पंपासमोर बसले आणि घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं.