बिनसरसाचं स्टूल

"तुमचा हा दिवा मेला, की त्याला पुरायचं कुठे?"

इरियानं शाळेच्या भर सभागृहात उभं राहून खणखणीत आवाजात विचारलं. मागच्या बाकावर तिच्या मैत्रिणी डेल्फिना आणि झायरा तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. 'विचारून दाखव, मग मानू तुला,' असं आव्हान त्यांनीच दिलं होतं. गेल्या वर्षीची इरिया असती तर बाकाखाली लपली असती. पण लिस्बनच्या प्रदर्शनासाठी अख्ख्या शाळेतून तिचंच बुचाचं स्टूल निवडलं गेलं होतं, आणि तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीवर टेकत नव्हते.

पाहुण्या म्हणून आलेल्या दोना गिओमार याच प्रदर्शनाच्या निवड करणाऱ्या. त्या मुळीच रागावल्या नाहीत. स्वतः बनवून आणलेला बुचाचा तो दिवा त्यांनी उलटा केला, फटाफट स्क्रू काढले आणि सगळे भाग टेबलावर मांडले.

"लोखंड भंगारात, बूच परत गिरणीत. पुरायची वेळच येत नाही. आता तू सांग पोरी, तुझं स्टूल कुठे जाणार?"

"ओऽऽऽ!" अख्खं सभागृह ओरडलं.



घरी आल्या आल्या इरिया बाबांच्या कारखान्याच्या मागे गेली. तिथे मोडून परत आलेल्या स्टुलांचा ढीग होता. एक लाकडी पाय तिनं जोर लावून उपटला. त्याच्याबरोबर बुचाचा हा एवढा लचका आला.

"बाबा, हे गिरणीत टाकू?"

"डोकं फिरलंय का?" आमादेउ ओरडला. "सरस लागलाय त्याला! वाफेत जळून सगळा घाणा नासेल. साधं बूच कसं, दळलं, वाफेवर दाबलं, की आपल्याच चिकानं पुन्हा घट्ट होतं. हे कचऱ्यात जाऊ दे."

"म्हणजे माझंही कचऱ्यातच जाणार?"

"तुझं मोडेलच कशाला? आमादेउचा सरस आहे तो!"

जेवणात आसोर्दा, म्हणजे लसूण घातलेली पावाची पेज होती. आमादेउ वाइनची बाटली मांड्यांत धरून बूच ओढत होता. चेहरा लालबुंद, बूच जागचं हलेना.

इरियाचा चमचा हवेतच थांबला.

"बाबा, याला सरस लावलाय?"

"बाटलीला कोण लावतं सरस?"

"मग निघत का नाही?"

तिची आई सेलेस्ते बाटल्यांची बुचं निवडण्यात जन्म घालवलेली. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि खो खो हसत सुटली. "अगं बाई! सगळं गाव बूच दाबून बसवण्यावर जगतं, आणि आपण त्याच बुचाला सरस फासतोय!"

इरिया ताट टाकून कारखान्यात पळाली. बुचाच्या बैठकीला तिनं पायापेक्षा किंचित लहान भोकं पाडली आणि पाय ठोकून बसवले. आईबाबा मागोमाग आलेच. आमादेउ स्टुलावर ऐटीत बसला आणि धप्पकन फरशीवर आला.

"वा! प्रदर्शनात पाहुण्यांना असंच लोळवणार का?"

"भोक मोठं झालं. उठा, अजून एकदा."

या वेळी भोक आणखी अरुंद ठेवलं. बूच दबलं आणि त्यानं पायांना असं आवळलं की आमादेउ त्यावर बसला, डोलला, उड्याही मारून पाहिल्या. स्टूल ढिम्म. मग इरियानं एकेक पाय पिळून बाहेर काढला. बुचाचा कणही सुटला नाही.

आमादेउनं मान डोलावली खरी, पण चेहरा उतरलेला. "पोरी, निवडलंय ते सरसाचं. उद्या ते न्यायला गाडी येतेय. हे बदललेलं त्यांनी परत पाठवलं तर? सगळ्या गावाला सांगून बसलोय मी."

"त्यांनी नाही घेतलं तर लिस्बन हुकेल हं," सेलेस्तेनंही बजावलं.

 लिस्बनला जायचं इरियाचं स्वप्न होतं, नवा झगासुद्धा शिवून तयार होता.  तरी ती हात झटकून दोघांसमोर ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. उद्या गाडीत बिनसरसाचंच जाईल. सरसाचं मी मागे घेतलं, दोना गिओमारना आत्ताच फोन करून सांगते. घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच पाठवीन."