जाहिरातीतलं रडणं

आरोग्य खात्याच्या जाहिरातींचं संकलन करणारी बाई तशी सरळमार्गी, पण साहेबांपुढे तिचंही काही चालायचं नाही. "माहिती कोण ऐकतंय? लोकांना रडवा, मग सिगारेट सुटते," हे साहेबांचं ब्रह्मवाक्य.

आता रडवायचं तर आधी रडणारा हवा. घशाचं ऑपरेशन झालेला निवृत्त कंडक्टर कॅमेऱ्यापुढे बसला तो ठोकळ्यासारखा. "मुलगी सांगत होती, मी ऐकलं नाही," एवढंच घोगऱ्या आवाजात बोलला. डोळे कोरडे ठणठणीत. तेवढ्यात कॅमेरामन मोडक्या स्टुलासकट आडवा झाला, आणि कंडक्टर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. बाईनं नेमकं तेच पाणी उचललं, मुलीबद्दलच्या वाक्यापुढे चिकटवलं आणि खाली संथ संगीत सोडलं. साहेब खूश! जाहिरात घरोघरी गेली, सिगारेट सोडू पाहणाऱ्यांचे फोन वाढले. बाईच्या मनाला मात्र ते खात राहिलं.

महिन्याभरानं कंडक्टर तिच्या खोलीच्या दारात उभा.

"मुलगी घरी आली," तो म्हणाला. "किती वर्षांनी! म्हणाली, बाबा, माझ्यासाठी रडलात? मी हो म्हणून बसलो. पण कधी रडलो तेच आठवेना. दाखवा बरं."

लपवून काय उपयोग? तिनं मूळ चित्रण लावलं. स्टूल मोडलं, कॅमेरामन पडला, आणि पडद्यावरच्या स्वतःबरोबर कंडक्टर पुन्हा हसला. मग त्याच्या ध्यानात आलं, हेच ते रडणं.

"काका, चूक माझी," बाई म्हणाली. "पण तिला सांगू नका. परत आलीये ना ती?"

"अहो, ती गेली कशापायी? सिगारेट ओढायचो म्हणून नाही. सोडली म्हणून तिच्या गळ्याची शपथ घ्यायचो आणि गच्चीवर जाऊन ओढायचो, म्हणून. आता पुन्हा थापेनंच सुरुवात करू?"

"आणि ती परत निघून गेली तर?"

"गेली तर गेली," तो म्हणाला खरा, पण खुर्चीवरून उठायला त्याला बराच वेळ लागला.

बाई त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेली. जाहिरात थांबवा म्हणून साहेबांना सांगायचं, मग ते कितीही भडकोत, हे तिनं ठरवून टाकलं होतं. लिफ्ट येईपर्यंत तो एकच वाक्य घोकत होता, "बाळा, त्या जाहिरातीत मी रडलो नव्हतो." एकदा म्हणाला, पुन्हा म्हणाला. पुढच्या खेपेला नुसतं "बाळा" म्हणाला, आणि बाहीनं डोळे पुसू लागला.