भरलेला पाणवठा

सातपुड्याच्या पायथ्याचा तो सिमेंटचा पाणवठा या उन्हाळ्यात पहिल्यांदाच काठोकाठ भरला होता, आणि नेमकी आजच लीलाधरच्या जिवाला चैन नव्हती. रोज सकाळी पाण्याची पातळी पाहायची आणि तपासणीची कागदी पट्टी बुडवून तिचा रंग जुळवायचा, हे त्याचे वनखात्यातले काम. पातळी उत्तम होती. रंगही उत्तम. पण काठावर मधमाश्या मरून पडल्या होत्या.

टँकर बिघडला म्हणून काल सावद्याच्या हाशमने आपल्या टेम्पोतून ड्रम भरून पाणी आणले होते. मुक्या जिवांच्या पाण्याचे भाडे कसले, म्हणाला होता. आज तो दुसरी खेप घेऊन आला.

“हाशमभाई, हे ड्रम कुठले?”

“मळ्यातले. केळीचे कंद किडीच्या औषधात बुडवतात ना, ते. घासून घासून धुतलेत, लीलाधरभाऊ. वास तरी येतो का बघा.”

लीलाधरने मेलेल्या मधमाश्यांकडे बोट दाखवले.

“अहो, तुमचा कागद तर चांगलं म्हणतो!”

“कागदाला औषध कळत नाही.”

“मग माशीला कळतं का? उन्हानं मेल्या असतील. थांबा, मीच पिऊन दाखवतो.”

हाशमने ओंजळ भरली. लीलाधरने फटका मारून ती उडवली. दोघेही ओशाळले.

खरेच उन्हाने मेल्या असतील तर? जळगावला नमुना पाठवला तरी उत्तर यायला काही दिवस लागणार. पाणी सोडून दिले, तर जनावरे खाली मळ्यात उतरणार. तिथे कुत्री, वीज सोडलेल्या तारा. तो पाणवठ्याच्या बुचाला हात लावी आणि काढून घेई. पण हाशमला जे पाणी पिऊ दिले नाही, ते सांबराला कसे पाजायचे?

त्याने बूच ओढले.

हाशमने टेम्पोतले ड्रमही खालच्या खड्ड्यात ओतले आणि फावडे घेतले. खड्ड्यात जिरलेल्या पाण्यावर दोघांनी माती ओढली, वर काटे टाकले.

“फैजपूरला साडूची डेअरी आहे. दुधाचे कॅन भरून आणतो,” हाशम म्हणाला. “उशीर होईल हां.”

“होऊ दे. पण या.”

दिवस कलला तशी सांबराची मादी पाडसाला घेऊन आली. रिकाम्या टाक्याची ओल चाटायला तिने मान खाली घातली. लीलाधरने घमेल्यावर दगड बडवला. ती दचकून झाडीत शिरली, पुन्हा आली. त्याने पुन्हा बडवला. जिच्यासाठी पाणी राखायचे, तिलाच तो हाकलत होता, आणि कान टेम्पोकडे लागले होते.

हाशम अंधार पडल्यावर आला. पहिले कॅन टाके धुण्यातच गेले. उरलेले पाणी कसेबसे खालच्या रेघेपर्यंत पोचले.

सकाळी पाण्यालगत खुरांचे ठसे होते, मोठे आणि छोटे. लीलाधरने पट्टी काढलीच नाही. काठावर एक मधमाशी येऊन बसली होती. तो उकिडवा बसून तिच्याकडे बघत राहिला. ती पाणी प्यायली, जागीच फिरली, थांबली.

मग उडाली.

तो उठला नाही. दुसरी येऊन बसली होती.