मोरीपर्यंत

फरशी काढायची म्हटलं की पहिली फोडावीच लागते. तिचे तुकडे झाले की पहारीला आत शिरायला जागा मिळते. मग शेजारची, मग तिच्या शेजारची. पुष्पाबाईने शालिग्रामशेठच्या बैठकीत दाराजवळची शहाबादी फरशी हातोड्याने फोडली, तुकडे घमेल्यात भरले आणि पहारीचं टोक पुढच्या फरशीखाली सारून जरासं दाबलं. आता कड उडणार म्हणून तिने डोळे मिटून घेतले होते. उघडले तर फरशी अख्खी वर आलेली. खालचा चुना पार भुसभुशीत होऊन गेला होता.

पुष्पाबाईने तिच्या चारही कडांवरून बोट फिरवून पाहिलं, आणि त्याचं कारण सकाळचंच होतं. शालिग्रामशेठ मूळचे सावद्याचे, केळीचे व्यापारी. जळगावातल्या या घरात राहून त्यांना पंधरा वर्षं झाली होती, आणि यंदा केळीने हात दिल्यावर घरभर चकचकीत मोझॅक हवं झालं होतं. त्यांच्या बायकोने, कमलबाईंनी, सकाळी चहा देताना सहज म्हटलं होतं, "पुष्पाबाई, साबूत निघतील त्या तू घेऊन जा. तुटक्या जातील भरावात." निंबा मिस्तरी त्यावर हसला होता. जुन्या फरश्या साबूत निघतात कुठे? जे हातून जायचंच आहे ते देताना मन मोठं करायला कोणाचं काय जातं! पण इथे फरश्या अख्ख्या निघायला लागल्या होत्या.

"बाई, हात चालव जरा. मूर्तीची पूजा करी ऱ्हायनी का?" मिस्तरी खेकसला. पुष्पाबाईने मान हलवली आणि हात तेवढाच चालवला. सांध्यातला चुना छिन्नीने खरवडायचा, पहार सारायची, फरशी उचलून छातीशी धरायची आणि अंगणात भिंतीला टेकवायची. दीड बाय दीड फुटाची फरशी, पंधरा-सोळा किलोची. दुपारपर्यंत तिच्या कमरेचा पार भुगा झाला. तरी ती मोजत होती. तिच्या खोलीला एकोणपन्नास लागत होत्या.

तिच्या घरी वच्छला होती, पंधरा वर्षांची. दोन वर्षांची असताना पोरीला पोलिओ झाला आणि पाय वाळले ते वाळलेच. बाप गेल्यापासून घरात दोघीच. शेजारच्या गॅरेजवाल्याने तिला एक फळी करून दिली होती, खाली चार जुनी बेअरिंगं लावून. त्याच्या सिमेंटच्या ओट्यावर ती गाडी भुर्रकन पळाली होती, पण घरातल्या मातीच्या जमिनीत बेअरिंगं रुतून बसत. त्यामुळे मोरीत न्यायचं तर आईनेच उचलून न्यायचं. आणि आई दिवसभर कामावर. म्हणून वच्छी सकाळी दोन घोट पाणी प्यायची आणि मग संध्याकाळपर्यंत तोंडाला तांब्या लावायची नाही. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. पुष्पाबाईला ते माठातल्या पाण्यावरून कळलं होतं.

संध्याकाळी अंगणात बावन्न फरश्या उभ्या होत्या. बावन्न! पुष्पाबाई त्यांच्याकडे बघत पायरीवर बसली होती तेवढ्यात शेठ घरी आले. त्यांनी एका फरशीवरून तळहात फिरवला, दुसरी पालथी करून पाहिली.

"अरे वा! ह्या तर नव्यासारख्या निघाल्या की. मिस्तरी, सकाळी ट्रकमध्ये चढवा. सावद्याच्या वखारीत टाकून घेऊ."

पुष्पाबाई उठून उभी राहिली. कमलबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"अक्का, तुम्हीच सांगेल व्हतं ना? साबूत निंघतीन त्या तुन्या म्हनीसन?"

कमलबाईंचा हात सुपातच थांबला. "हो, म्हटलं होतं मी," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"म्हटलं असशील. तेव्हा कुठे माहीत होतं अशा निघतील ते?" शेठ हसले. माणूस तसा वाईट नव्हता, फक्त त्याला हसायला फार सोपं जायचं. "बरं, बाई, स्वैपाकघरातल्या साबूत निघतील त्या सगळ्या तुझ्या. झालं?"

स्वैपाकघराची जमीन पाच वर्षांपूर्वीच नव्याने केली होती, सिमेंटमध्ये, आणि सिमेंट काही चुन्यासारखं सुटत नाही. हे शेठना ठाऊक होतं, कमलबाईंना ठाऊक होतं, मिस्तरीला तर होतंच. पुष्पाबाईला असा संताप आला की हातातली पहार तिथेच आपटावी. पण आपटायला सुद्धा अंगात जोर लागतो. ती घरी गेली, वच्छीला उचलून मोरीत नेलं, आणि तिला काही सांगितलं नाही. सकाळी त्या बावन्न फरश्या तिनेच एकेक करून ट्रकपाशी नेऊन दिल्या.

"बाई, ह्या सिमेटमां बसाडेल शेतस," स्वैपाकघरात निंबा मिस्तरी म्हणाला. "एक बी साबूत निंघाव नही. फोड अन् मोकळी व्हय."

तरी तिने प्रयत्न केला. पहिली फोडली, दुसरी दुभंगली, तिसरीचे चार तुकडे झाले, चौथी तर हात लावताच तडकली. दुपारपर्यंत घमेल्यामागून घमेली भरून तुकडे बाहेर गेले. पुष्पाबाई भिंतीला पाठ लावून बसली. तिला भाकरी खायचाही कंटाळा आला होता.

कमलबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तो तिच्यापुढे ठेवला आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "माठाच्या जागेवर वाजवून बघ. तिथे कायम झिरपायचं. झाडताना आवाज वेगळा यायचा मला." एवढं बोलून त्या गेल्या. नवऱ्यापुढे जे जमलं नव्हतं, ते त्यांनी असं मागच्या दाराने केलं.

पुष्पाबाईने हातोड्याचा दांडा उलटा धरला आणि कोपऱ्यातल्या फरश्यांवर टकटक करत गेली. ठक. ठक. मग एका ठिकाणी पोकळ वाजलं. तिने तिथे कोळशाने खूण केली. शेजारचीही पोकळ. एकूण सहा. बाकीची जमीन तिने बेलाशक फोडली, आणि त्या सहांभोवतालचं सिमेंट छिन्नीने पोखरायला बसली. त्यात संध्याकाळ झाली. बोटांची सालं निघाली. एक फरशी शेवटच्या क्षणी कडेला तडकली आणि पुष्पाबाईच्या तोंडून अशी शिवी निघाली की मिस्तरीनेही वळून पाहिलं. पाच मात्र अख्ख्या निघाल्या.

"पाच फरशीमां काय व्हई, बाई? चूल मांडशी का त्यान्हावर?"

"बाजेपासून मोरी सात फूट शे," पुष्पाबाई म्हणाली. "पुरी जातीन."

मिस्तरीने फरश्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. त्याला त्या घरची गोष्ट माहीत होती. सायकलच्या कॅरिअरला बांधून तीन खेपांत त्यानेच त्या तिच्या घरी पोचवल्या.

रविवारी पुष्पाबाईने जमीन उकरली, वाळू पसरली आणि पाचही फरश्या एका रांगेत बसवल्या, बाजेच्या पायापासून थेट मोरीच्या कडेपर्यंत. दोन्ही बाजूंना मातीच होती. वच्छी बाजेवर बसून बघत होती. सगळं झाल्यावर ती दोन्ही हातांवर भार देऊन फळीवर उतरली आणि तळहाताने जमीन मागे रेटली. बेअरिंगं खरखरली. गाडी निघाली.

पुष्पाबाई मागोमाग चालली, दोन्ही हात पुढे करून, पोरगी पडली तर धरायला. वच्छी पडली नाही. मोरीशी येऊन ती फळीवरून आत सरकली आणि लुगड्याचा पडदा तिने स्वतः ओढून घेतला.

"माय, तू जाय आते."

"कोठे जाऊ?"

"कोठे बी जाय. पन आठे उभी नको ऱ्हाऊ."

पुष्पाबाईला बरं वाटलं, आणि आत कुठेतरी लागलंही. तेरा वर्षं ज्या पोरीला ती उचलत आली, तिनेच आज आईला बाहेर घालवलं होतं, तेही हक्काने. तिचे हात अजून तसेच पुढे होते. तिने ते खाली घेतले, बाजेवर जाऊन बसली, आणि चूल पेटवायची राहिली आहे हे ठाऊक असूनही तशीच आडवी झाली.