घरच्यासाठी केलेला शाम्पू

लकडगंजात आमच्या बाबांचं साबणाच्या कच्च्या मालाचं दुकान आहे. घरगुती शाम्पू आणि भांड्यांचं लिक्विड बनवणारे लोक पार काटोलहून येतात आणि ड्रममधली घट्ट पांढरी पेस्ट घेऊन जातात. ही पेस्ट म्हणजे सल्फेट. मळ काढते ती हीच, रंग आणि वास नुसता नट्टापट्टा. बाबा बाटलीत पाणी आणि चिमूटभर पेस्ट टाकतात, तोंडावर अंगठा धरून खळखळ हलवतात. फेस वर आला की गिऱ्हाईक खूश. मळ फेसानं निघत नाही, पेस्ट एका टोकानं तेल धरते आणि दुसऱ्या टोकानं पाणी, म्हणून निघतो, हे मी बी.एस्सी. झाल्यापासून त्यांचं डोकं खाऊन सांगतेय.

"मले माहीत आहे गा," ते म्हणतात. चिडले की पुरुषाला म्हणायचं 'गा' ते मलाही म्हणतात. "पण लोकाईले फेसच पायजे."

केमोनंतर आईचे केस परत यायला लागले, तेव्हा बाबांनी तिच्यासाठी स्वतः शाम्पू बनवला. आमच्या घरची एक रीत आहे. गिऱ्हाइकाला मापात द्यायचं, घरच्यासाठी करताना हात आखडायचा नाही. लोणच्यात तेल ओतावं तशी बाबांनी पेस्ट ओतली. मी तेव्हा तिथे नव्हते, मला दिसली ती थेट भरलेली बाटली, वर गुलाबाचा वास. त्यानंतर आई न्हाली की बाबा हमखास विचारायचे, "कसा आहे वं देवकी?" आई म्हणायची, "मस्त." बाबा दिवसभर गुणगुणत फिरायचे.

एका सकाळी न्हाणीचं दार अर्धवट उघडं होतं. आई मोरीच्या जाळीवरचे केस वेचून कागदात गुंडाळत होती. टाळू लालभडक झाली होती, कोंड्यासारखी सालं निघत होती.

"काहून लपवून राहिली वं आई?"

"तुह्या बाबाले सांगू नको, रितिका," ती म्हणाली. "परत आलं वाटते."

मला रडूही आलं आणि तिचा रागही आला. अर्थात मी बाबांना सांगितलं. तपासण्या झाल्या, रिपोर्ट स्वच्छ आले. कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी भिंगातून बघितलं.

"केस मुळातून गळत नाहीत, मधेच तुटताहेत. डोक्याला काय लावता?"

बाबांनी कौतुकानं सगळी कृती सांगितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की टाळूचं स्वतःचं थोडं तेल असतं, कडक सल्फेट मळाबरोबर तेही ओढून नेतं. औषधांनी यांची कातडी आधीच कोरडी पडलीय, त्यात एवढा मारा. सौम्य काहीतरी वापरा, तेही थोडंच.

बाबांचा चेहरा उतरला. यात त्यांना नवीन काहीच नव्हतं. भांड्यांचं लिक्विड बनवणाऱ्या बायकांना ते स्वतः सांगतात की हाताची आग झाली तर पेस्ट कमी टाका. बायकोच्या वेळी मात्र माया आडवी आली. मला त्यांची फार दया आली.

दुकानात मागच्या फळीवर खोबऱ्याच्या तेलापासून आणि साखरेपासून केलेला सौम्य माल पडून होता. फेस कमी, म्हणून कोणी घेत नव्हतं. बाबांनी त्याचा शाम्पू केला, या वेळी मापून, आणि रविवारी आईला अंगणात स्टुलावर बसवून स्वतः तिचं डोकं धुवायला घेतलं. बोटं इतकी हलकी, जणू डोकं काचेचं होतं.

"जळून राहिलं होतं, तं मले काहून नाही सांगितलं वं?"

आई डोळे मिटून बसली होती.

"मले वाटलं, दुखणंच परत आलं," ती म्हणाली. "मग म्हटलं, आता जेवढे दिवस आहे, तेवढे दिवस तुमच्या हातचं लावून घ्यावं."

बाबांनी हातातला पाण्याचा मग खाली ठेवला. आईचं ओलं डोकं पोटाशी धरून ते रडायला लागले, शर्ट भिजला तरी सोडेनात.

आईनं जरा वेळ त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, "अहो, पाणी थंडं होऊन राहिलं."