कहकशाची दुसरी पुरवणी

कहकशाच्या पहिल्या पुरवणीला मी सहापैकी दोन दिले होते, आणि त्यानंतर ती वर्षभर माझ्या दारात आली नाही.

दोन बरोबरच होते, हे मी आजही म्हणेन. पण परीक्षणाच्या शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं, 'लेखिकेने आधी चार खेळ खेळावेत, मग लिहावं.' लेखिका तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिला पहिला खेळ मीच शिकवला होता. ते वाक्य गाळलं असतं तर परीक्षणाचं काही बिघडलं नसतं.

मी कुरुंद्यात ब्लाऊज शिवते आणि रोल-प्लेइंग खेळांच्या पुस्तकांची परीक्षणं ब्लॉगवर लिहिते. लोक यातलं पहिलंच ऐकतात, आणि माप द्यायला हात पसरतात. खेळ असा, की चार जणांनी बसायचं, एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक माणूस व्हायचं, त्याचं बळ-सामान एका कागदावर मांडायचं, आणि अडलं तिथं फासे टाकायचे. त्या खेळासाठी कुणी नवं गाव, नवी संकटं लिहिली की ती झाली पुरवणी. इंग्रजी मी याच पुस्तकांतून शिकले. त्यामुळे चिलखताला मला चार शब्द येतात आणि बँकेचा फॉर्म अजून दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो.

रविवारी सकाळी ती आली. हातात स्पायरल लावलेली चाळीस पानं.

"काकू, हे उद्या छपाईला चाललं. त्याच्या आधी तुमचं परीक्षण पाहिजे."

"बस तरी."

"बसत न्हाई. खरं लिहा फक्त. पण याही बारीला दोनच आले तर मी लिहिणं सोडून देईन. धमकी देत न्हाई, सांगून राहिले."

धमकी असती तर बरं झालं असतं. धमकीला मला उत्तर देता येतं.

माझा नियम असा, की खेळल्याशिवाय परीक्षण नाही, आणि खेळताना लेखकानं तोंड उघडायचं नाही. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी लेखक सोबत जात नसतो. म्हणून दुपारी कहकशाला कपाटाजवळच्या स्टुलावर बसवलं. खेळायला आमचे हे, माणिकराव, एसटीतले निवृत्त कंडक्टर. आणि सासूबाई, द्वारकाबाई. गुडघे गेल्यापासून सासूबाई कुठं जात नाहीत, पण खेळात त्यांनी दोन डोंगर आणि एक वाळवंट पार केलंय. फासे तंबाखूच्या डबीत खुळखुळवून टाकतात.

पुरवणी होती धरणात गेलेल्या गावाची. उन्हाळ्यात पाणी हटलं की भिंती उघड्या पडतात. आपण आत शिरायचं, घराघरांतल्या भुतांना हरवायचं, पुरलेला हंडा आणायचा. नकाशा फार सुरेख होता. वेस, बारव, पिंजाऱ्याचं घर, सगळं जागच्या जागी. सकाळी वाचतानाच मी मनातून पाच देऊन टाकले होते.

खेळ पिंजाऱ्याच्या घरापाशी आला. मी वाचलं, "दार अर्धं उघडं आहे. आत चुलीपुढे एक म्हातारी पाठमोरी बसली आहे. ती जिवंत नाही."

"मी तलवार काढली," म्हणत माणिकरावांनी फाशांना हात घातला.

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. "कुणाच्या घरात असं शिरतेत का? मी चपला भायेर काढल्या. हाक मारली. बाई, येऊ का आत?"

हाकेचं पुस्तकात काही नव्हतं. "ती वळून बघते," मी आपलं म्हटलं.

"काय रांधलं बाई आज?"

"आई, भूत हाय ते."

"मंग भुताला भूक न्हाई का? तू तुझी तिकिटं फाड."

मी पान उलटलं, परत मागे आले. म्हातारीचा वार किती, जीव किती, हरवल्यावर काय मिळतं, सगळं होतं. तिच्याशी बोलायला एक ओळ नव्हती. पुढची घरं बघितली. अकरा घरं, आणि बसायला एकात जागा नाही. मला काहीतरी रचून सांगता आलं असतं. पण मग मी पुस्तक तपासत नव्हते, कहकशाला वाचवत होते.

"यात न्हाई ते," मी म्हटलं.

"अंबाडीची भाजी," कपाटाजवळून आवाज आला.

नियम मोडला होता.

"अंबाडीची भाजी अन् भाकर," कहकशा म्हणाली. "ती म्हणते, बसा. माझा लेक परगावी गाद्या भरायला गेलाय, त्याला ठावं न्हाई पाणी येणार म्हणून. समदे नव्या गावठाणात गेले. तो आला तर घर बंद दिसायला नको."

माणिकरावांनी फासे हळूच डबीत ठेवले. "मी तलवार ठेवून दिली," ते म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी कहकशाला विचारलं.

"कुणी न्हाई. आमचे नाना, अम्मीचे अब्बा गुलाम नबी, असल्याच गावचे. कोणाचं घर कुठं, ते सांगायचे. माणसं मी घातली. अकराच्या अकरा घरांची हायेत, वहीत."

"मग पुस्तकात काहून न्हाईत?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तुमी लिहिलं होतं ना, आधी चार खेळ खेळावेत. मी हिंगोलीला कॉलेजात पोरी जमवून बारा खेळले. समद्यांत भुतं मारायचीच होती."

मापाची वही पुढ्यात होती. तिच्यातच लिहिलं आणि तिथंच वाचून दाखवलं. 'नकाशा सुरेख. घरं अकरा, पण राहतं एकही नाही. माणसं लेखिकेच्या वहीत राहून गेली, आणि याचं निम्मं कारण हे परीक्षण लिहिणारी आहे. मागच्या वर्षीचं शेवटचं वाक्य तिनं मागे घेतलं आहे. सहापैकी तीन.'

"तीन," कहकशा म्हणाली.

"तीन."

ती उठली. पानं गोळा केली, छातीशी धरली. सासूबाईंनी आपल्या खेळातल्या माणसाचा कागद चार घड्या घालून चंचीत ठेवला.

"आई, तो कागद द्या इकडं," मी म्हटलं.

"देत न्हाई. माझं माणूस तिथं चुलीपुढं बसलंय. आता ही पोरगी त्या पोराला घरी कधी आणती, तवा उठंन."

कहकशा दारापर्यंत गेली होती. एक चप्पल पायात होती.

"आजी," तिनं विचारलं, "अंबाडीच्या भाजीत कण्या टाकतेत का तुमच्यात?"

"ज्वारीच्या. अन् लसूण वरून. आधी टाकला की कडू लागतो."

तिनं चप्पल काढली, स्टूल ओढून मेजापाशी आणलं, पिंजाऱ्याच्या घराचं पान उघडलं आणि माझ्या कानावरची पेन्सिल न विचारता घेतली.

"छापखान्याला फोन करा काकू," ती लिहिता लिहिता म्हणाली. "उद्याचं जमत न्हाई म्हणावं."